दोन फुटी फिशटँकमध्ये कोण कोणाबरोबर नांदेल?

नवी टाकी घेतली की पहिल्याच रविवारी सगळं घर माशांच्या दुकानात जातं. मुलं बोट दाखवतात, दुकानदार जाळी घालतो, आणि "एक जोडी हे, एक जोडी ते" असं करत पाच-सहा प्रकारचे मासे पिशवीत येतात. महिन्याभरात त्यातले निम्मे राहतात. मग दोष पाण्याला, फिल्टरला किंवा कोणाच्या तरी नजरेला दिला जातो. माझ्या पाहण्यात तरी बहुतेक वेळा कारण त्या पिशवीतच असतं. एकाला थंड पाणी हवं, दुसऱ्याला कोमट. एक वाढून फूटभर होणार, दुसरा बोटाच्या पेराएवढाच राहणार. एक शेपट्या कुरतडणारा आणि दुसऱ्याची शेपटी लांबलचक.

म्हणून मासे दुकानात निवडू नका. घरी बसून कागदावर निवडा, आणि दुकानात फक्त यादी घेऊन जा. ती यादी कशी करायची ते इथे क्रमाने लिहितो. घरोघरी दिसणारी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी मी धरून चाललो आहे.

आधी हे सामान जमवा

- टाकी, झाकण आणि सपाट, भक्कम स्टँड (पाणी, खडे धरून वजन साठ-पासष्ट किलोवर जातं)
- स्पंज फिल्टर आणि एअर पंप, किंवा हळू प्रवाहाचा हँगिंग फिल्टर
- थर्मामीटर, थंडी पडणाऱ्या गावी 50 वॅटचा हीटर
- क्लोरीन मारणारे थेंब (दुकानात "अँटीक्लोरीन" म्हणून मागा)
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्कली) तपासायचं थेंबांचं किट
- साबण कधीही न लागलेल्या दोन बादल्या, पाणी ओढायचा पाइप, मऊ जाळी
- बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप, लोडशेडिंगसाठी

टेस्ट किट महाग वाटतं म्हणून लोक ते सोडून देतात आणि त्याच पैशांत रंगीत खडे नि प्लास्टिकचा किल्ला आणतात. किल्ला नंतर आणता येतो.

1. तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं ते ओळखा

माशांची निवड इथून सुरू होते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी येतं, पुण्याला खडकवासल्याचं. हे पाणी साधारण मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. त्याउलट दख्खनच्या काळ्या खडकातून उपसलेलं बोअरचं पाणी बहुधा जड. सोलापूर, लातूर, संभाजीनगरकडे बोअरवर राहणाऱ्यांना हे सांगायला नको: साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरे थर बसतात, गिझरची कॉइल वर्षा-दोन वर्षांत जाते. तुमच्या सोसायटीत टँकर येत असेल तर तो कुठून भरतो तेही विचारून घ्या. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की पाणी बदलतं आणि मासे अचानक मलूल होतात.

जड पाण्यात गप्पी, प्लॅटी, मॉली, स्वोर्डटेल हे पिल्लं घालणारे मासे खुशीत राहतात. निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा हे मुळात मऊ पाण्यातले. बाजारात मिळणारे बहुतेक मासे फार्मवर वाढलेले असतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे ते सोसतात. पण पाण्याशी भांडून मासे पाळण्यापेक्षा पाण्याला साजेसे मासे पाळणं कितीतरी सोपं. पीएच खाली आणायची औषधं घालत बसू नका. आज उतरलेला पीएच जड पाण्यात उद्या पुन्हा चढतो आणि त्या चढउतारानेच मासा खचतो.

आरओचं पाणी "शुद्ध" म्हणून थेट टाकीत ओतणारेही बरेच आहेत. त्यातले क्षार जवळपास निघून गेलेले असतात. नुसत्या आरओच्या पाण्यावर मासे ठेवू नयेत. बोअरचं पाणी फारच जड असेल तर त्यात मिसळायला ते चालतं, पण मग दर आठवड्याला तेच प्रमाण ठेवावं लागतं.

तापमानही इथेच बघून घ्या. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात घरातल्या टाकीचं पाणी सहज 32 अंशांवर जातं, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. निऑन टेट्राला 26च्या वरचं पाणी फार दिवस झेपत नाही. विदर्भात कोणी निऑन मागितला की मी कार्डिनल सुचवतो. लाल पट्टा जास्त लांब आणि उष्णता जास्त सोसणारा. नाशिककडे डिसेंबरात उलटा प्रश्न असतो, तिथे हीटर लागतोच.

2. टाकीत खरं पाणी किती आहे ते मोजा

दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी कागदावर 56 लिटरची. तळाला दीड इंच खडे, वर दीड इंच मोकळी जागा, काचेची जाडी वजा केली की हातात 42 लिटरच्या आसपास उरतात. माशांचा हिशेब या 42वर करायचा.

"एका गॅलनला एक इंच मासा" हा नियम तुम्हाला कोणीतरी सांगेलच. दोन-तीन सेंटिमीटरच्या बारीक माशांपुरता तो ढोबळ अंदाज देतो. पुढे तो फसतो, कारण दहा इंचांचा एक ऑस्कर आणि एकेक इंचाचे दहा टेट्रा यांची घाण सारखी नसते. त्यापेक्षा हे धरा: या टाकीत मोठेपणी सहा सेंटिमीटरच्या वर जाणारा मासा नको, आणि बारीक मासे मिळून पंधराच्या आसपास थांबायचं.

पंधराच का? यामागे आपल्याकडचं एक साधं कारण आहे: वीज. चार तास लाइट गेली की फिल्टर बंद, हवा बंद. मोजके मासे असलेली टाकी एवढा वेळ तग धरते. ठासून भरलेल्या टाकीत दोन तासांतच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडून हवा गिळायला लागतात.

3. मासे आणण्याआधी टाकी सायकल करा, म्हणजे तिच्यात उपयोगी जिवाणू बसू द्या

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आठवड्याच्या पाणीबदलात ते बाहेर काढता येतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

करायचं एवढंच: टाकी भरा, थेंब घालून क्लोरीन मारा, फिल्टर चोवीस तास चालू ठेवा, आणि रोज माशांच्या खाण्याची एक चिमूट टाका. ती कुजते, त्यातून अमोनिया मिळतो. किटवर आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. ओळखीत कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या चालू फिल्टरचा स्पंज मागून आणा आणि ओला असतानाच आपल्या टाकीत टाका. काम निम्म्या वेळात होतं.

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणजे टाकी तयार झाली, असं नाही. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. आणि बोअरच्या पाण्यावाल्यांनी इथे जास्त जपायला हवं: पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका तेवढाच अमोनिया अधिक घातक.

4. ही नावं यादीतून आधीच खोडा

दुकानात सगळेच मासे दोन इंचांचे असतात. पुढे ते किती होतात हे कोणी सांगत नाही, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

*सकर.* "टाकी साफ ठेवतो" म्हणून गळ्यात मारला जाणारा काळा मासा. फूट-दीड फुटापर्यंत वाढतो आणि साफ करतो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. शेवाळ येत असेल तर लाइट दिवसाला सहा-सात तासांवर आणा आणि दोन नेराइट गोगलगायी सोडा.

*शार्क नावाचे मासे.* काळा-पांढरा "शार्क" म्हणून विकला जाणारा मासा म्हणजे पंगस. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच. तो मीटरभर वाढू शकतो. सिल्व्हर शार्कही फुटाच्या वर जातो. रेड टेल शार्क तुलनेने लहान, पण टाकी स्वतःची समजतो आणि इतरांना कोपऱ्यात दाबतो.

*गोल्डफिश.* त्याला थंड पाणी लागतं, तो भरपूर घाण करतो आणि वीतभर होतो. टेट्रा-गप्पींबरोबर तो ठेवायचा नसतो आणि दोन फुटी टाकीत तर ठेवायचाच नसतो. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा हवाच असा घरात आग्रह असेल, तर आठ सोनेरी-नारिंगी प्लॅटी आणि एक काळपट प्लॅटी घ्या. सगळे नर घेतलेत तर पिल्लांचा प्रश्नही येत नाही. आजी-आजोबांचं मन राहतं आणि मासेही जगतात.

*एंजल.* दिसायला देखणा, लहान असताना गरीब. पण उंचीला वीतभर होतो, आणि तोंडात मावेल तो निऑन गिळतो. एंजल आणि निऑनची जोडी दुकानाच्या शोकेसमध्ये छान दिसते. तिथे ती आठवडाभरच एकत्र असते.

*टायगर बार्ब आणि विडो टेट्रा.* लांब पर दिसले की कुरतडणारे. गप्पी, एंजल, गुरामी यांच्याबरोबर कधीच नकोत. गुलाबी, निळे, हिरवे "कलर विडो" तर बहुधा रंगवलेले असतात. सुई टोचून किंवा रसायनात बुडवून माशाला रंग देतात. त्यात कित्येक मरतात आणि जगलेल्यांचा रंग काही महिन्यांत उडतो. ते विकत घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

*फायटर.* नर एकटाच राहतो. गप्पीची रंगीत शेपटी त्याला दुसरा फायटर वाटते. त्याला पंधरा-वीस लिटरची स्वतंत्र, फिल्टर असलेली टाकी द्या. काचेच्या वाडग्यात कोणालाच ठेवू नका.

*मिस केरला आणि झेब्रा लोच.* हे दोन्ही आपल्या सह्याद्रीचे, आणि दोन्ही आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त. मिस केरलाला वाहतं पाणी, मोठा कळप आणि चार फुटी टाकी लागते. झेब्रा लोच महाराष्ट्र-कर्नाटकाच्या ओढ्यांतून पकडून आणलेला असण्याची शक्यता मोठी. नवख्याने दोघांच्याही वाटेला जाऊ नये.

5. आधी एक कळप ठरवा, बाकीचे त्याच्याभोवती

आपल्याकडे मासे जोडीने विकतात. "जोडी कितीला?" हा दुकानातला पहिला प्रश्न. पण टेट्रा, रासबोरा, डॅनिओ, कोरी (कोरीडोरस) हे कळपाचे प्राणी आहेत. दोनच ठेवले तर ते झाडामागे दडून बसतात, रंग उतरतो, किंवा एक दुसऱ्याच्या मागे लागतो. सहा किमान, आठ बरे. चार प्रकारांच्या जोड्यांपेक्षा एकाच प्रकारचे आठ मासे ठेवा. दिसायलाही तेच सुंदर दिसतं, सगळे एकदम वळतात तेव्हा तर फारच.

कळप ठरला की टाकीचे थर बघा. कोणी मध्ये पोहतो, कोणी तळाशी, कोणी वर. मधल्या थरात एक कळप, तळाला एक कळप, आणि वर एखादा ठसठशीत मासा. एकमेकांच्या वाटेत कमी येतात, तेवढी भांडणं कमी.

मी नवख्यांना सांगतो त्या याद्या अशा:

*मऊ पाणी (मुंबई, पुणे, धरणाचं पाणी):* आठ हार्लेक्विन रासबोरा, सहा कोरीडोरस, एक हनी गुरामी. पहिल्या टाकीसाठी माझी पसंती हीच. कोरी मिशांनी तळ चाचपत फिरतात, म्हणून त्यांच्यासाठी टोकदार खडे नकोत, बारीक वाळू घाला. हनी गुरामी मूळचा आपल्या पूर्व-ईशान्य भारताचा, फार शांत.

*जड पाणी (बोअर):* सात नर गप्पी, चार नर प्लॅटी, दोन नेराइट. महापालिका डासांच्या अळ्या खायला हौदात सोडते तेच गप्पी, फक्त रंगीत. माद्या घेऊ नका. गप्पीची मादी साधारण महिन्याला पिल्लं घालते आणि नराचं बीज महिनोन् महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकट्या मादीनेही टाकी भरते.

*हीटर नको असेल तर (थंडी बेताची असलेल्या गावी):* आठ झेब्रा डॅनिओ आणि चार चेरी बार्ब. झेब्रा डॅनिओ आपल्याच ओढ्यांतला, काटक, सतत पळणारा. जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी पाळतात तो हाच. उडी मारतो, झाकण विसरू नका. भर उन्हाळ्यात विदर्भात मात्र ही यादी नको.

*कडक उन्हाळ्याची गावं:* आठ कार्डिनल टेट्रा, सहा स्टर्बाई कोरी, एक हनी गुरामी. गुरामी पृष्ठभागावर येऊन थेट हवाही घेतो, म्हणून कोमट पाण्यात तग धरतो. बाकीच्यांसाठी एअर पंप जोरात ठेवा आणि टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका. पाणी जड असेल तर याऐवजी गप्पीच बरे.

ड्वार्फ गुरामी रंगाने जास्त उठावदार असतो, पण फार्मवरच्या या माशांत एक विषाणूजन्य रोग पसरलेला आहे आणि त्यावर औषध नाही. हनी घ्या.

6. दुकानात काय बघायचं

महाराष्ट्रात विकले जाणारे बरेच मासे चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून लांबचा प्रवास करून येतात. म्हणून "माल कधी आला?" हे विचारा. कालच आलेला मासा घेऊ नका. आठवडाभर दुकानात टिकलेला घ्या. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत जायचं तर रविवार टाळा. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

काचेसमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहा. पर उघडे आहेत का? पोट खपाटीला गेलंय का? कल्ल्यांची उघडझाप सारखी आहे की धाप लागल्यासारखी? अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले तर तो इक नावाचा संसर्गजन्य रोग. त्याच टाकीतले धडधाकट दिसणारे मासेही घेऊ नका. त्या टाकीत एखादा मेलेला मासा पडलेला असेल तर तिथून काहीच नको. शेवटी दुकानदाराला चिमूटभर खाणं टाकायला सांगा. जो धावून येतो तो मासा घ्यायचा.

निळ्या औषधाची बाटली आणि खडेमीठ दुकानदार आपणहून पिशवीत टाकतो. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. ते मुख्य टाकीत घातलं की सहा आठवडे खपून बसवलेले जिवाणू मरतात. मीठ गप्पी-मॉलीला चालतं, कोरीला मानवत नाही.

7. घरी आणल्यावर

लाइट बंद करा. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं अर्धी वाटी पाणी आत घाला, अर्धा तास. जाळीने मासे उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. दुकानाचं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. पहिल्या दिवशी खाणं नको.

सगळे एकदम आणू नका. आधी मधला कळप, दोन आठवड्यांनी तळाचा, आणि गुरामी सगळ्यात शेवटी. जागा धरून बसणारा मासा आधी आला तर नंतरच्यांना त्रास देतो. प्रत्येक खेपेनंतर आठवडाभर अमोनिया बघत राहा. दुसऱ्या खेपेपासून नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये, स्पंज फिल्टर लावून ठेवता आले तर फारच उत्तम. एका आजारी माशाने अख्खी टाकी जाते ती याच टप्प्यावर.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. कोरीसाठी बुडणाऱ्या गोळ्या, त्याही लाइट बंद करताना, नाहीतर वरचेच खाऊन टाकतात. दर आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी बदला. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली कधीच नाही.

8. पटत नसेल तर

खाणं टाकताना बारकाईने बघा. कोण खायला येतच नाही, कोण हीटरच्या मागे उभा आहे, कोणाच्या शेपटीला दातऱ्या पडल्यात? ज्याला त्रास होतोय त्याला बाहेर काढण्याआधी झाडं आणि दगड हलवून मांडणी बदला. हद्दी मोडल्या की कधी कधी भांडण थांबतं. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर त्रास देणारा मासा काढा.

काढलेला मासा नदीत, तलावात, विहिरीत सोडायचा नाही. सोडून दिलेल्या सकर माशांनी केरळ, तमिळनाडू, आंध्र, पश्चिम बंगालमधल्या पाण्यात ठाण मांडलंय. स्थानिक माशांची जागा जाते आणि त्यांच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात. बहुतेक दुकानदार धडधाकट मासा परत घेतात. पैसे देत नाहीत, पण बदल्यात खाण्याचा डबा देतात. घ्यायच्या आधीच "नाही जमला तर परत घ्याल ना?" हे विचारून ठेवा. तोवर चाळीस लिटरचा प्लास्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर आणि वर जाळी एवढ्यावर मासा काही आठवडे नीट राहतो.